डिझाइन आणि हस्तकलेवरील लेख ग्रंथालयाच्या डेटाबेसमधून कसे शोधावेत

धातुकाम, वस्त्रकला, कुंभारकाम किंवा बुरूडकाम यांवर प्रकल्प करणारा पुण्यातील विद्यार्थी ग्रंथालयाच्या डेटाबेससमोर बसतो, तेव्हा बहुधा तो आपल्या प्रकल्पाचे शीर्षकच इंग्रजीत करून सर्च बॉक्समध्ये लिहितो. त्यातून एकही निकाल येत नाही, किंवा हजारो असंबद्ध लेख समोर येतात. मग ‘या विषयावर फारसे लेखन झालेले नाही’ असे वाक्य प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात लिहिले जाते. हे वाक्य पुष्कळदा चुकीचे असते. लेखन झालेले असते, परंतु ते ज्या शब्दांखाली नोंदवलेले आहे ते शब्द विद्यार्थ्याने वापरलेले नसतात, आणि ज्या ज्ञानशाखेच्या नियतकालिकात ते छापले आहे तिकडे तो फिरकलेला नसतो.

म्हणून या लेखात शोधापेक्षा शोधाच्या आधीच्या तयारीला अधिक जागा दिली आहे. उदाहरण म्हणून कसबा पेठेतील तांबट आळीचे तांबेकाम हा एकच विषय शेवटपर्यंत घेतला आहे, आणि जेथे तो पुरत नाही तेथे पैठणी व अडकित्ता यांचा आधार घेतला आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नये, कारण प्रत्येक टप्प्यातून हाती आलेली सामग्री पुढच्या टप्प्यात लागते.

टप्पा १ : विषयाचे घटक वेगळे करावेत

संगणक सुरू करण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि विषय सहा भागांत मांडावा: वस्तू, धातू किंवा कच्चा माल, तंत्र, कारागीर समाज, ठिकाण आणि काळ. तांबट आळीच्या बाबतीत वस्तूंमध्ये हंडा, घागर, बंब, परात येतील, धातूंमध्ये तांबे आणि पितळ, तंत्रांमध्ये मठारकाम, घडाई, जोडकाम आणि कल्हई, समाजांमध्ये तांबट आणि कासार, ठिकाणांमध्ये पुणे आणि कसबा पेठ, आणि काळात पेशवाईपासून आजपर्यंतचा जो तुकडा अभ्यासायचा असेल तो.

त्यानंतर सातवी ओळ लिहावी: मला नेमके काय जाणून घ्यायचे आहे? तंत्र कसे चालते, व्यवसाय का घटला, भांड्यांचे आकार कसे बदलले आणि नव्या बाजारासाठी कारागीर व डिझायनर एकत्र कसे काम करतात, हे चार वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे चार वेगळ्या ठिकाणी मिळतात. पहिला धातुशास्त्राकडे आणि संग्रहालयांतील वस्तुजतनाकडे जातो, दुसरा अर्थशास्त्राकडे, तिसरा कलेतिहासाकडे आणि चौथा डिझाइनच्या नियतकालिकांकडे. ही सातवी ओळ बहुतेकांकडून सुटते, आणि पुढचा सगळा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

पडताळणी: सातव्या ओळीत ‘अभ्यास करणे’, ‘आढावा घेणे’ असे शब्द आले असतील तर प्रश्न अजून तयार झालेला नाही.

टप्पा २ : शब्दांची यादी करावी

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि त्याला किमान एक पूर्ण बैठक द्यावी. पहिल्या टप्प्यातील प्रत्येक मराठी शब्दापुढे तीन रकाने आखावेत: इंग्रजीतील सर्वसाधारण शब्द, इंग्रजीतील तांत्रिक शब्द, आणि मराठी शब्दाची रोमन लिपीतील शक्य ती सर्व रूपे.

पहिल्या दोन रकान्यांसाठी शब्दकोशावर विसंबून राहू नये. मठारकाम म्हणजे हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी भांड्याच्या पृष्ठभागावर बारीक खळगे उमटवणे. त्याने पत्रा कठीण होतो आणि भांड्याला झळाळी येते. इंग्रजीत ‘हॅमर्ड’, ‘बीटन’, ‘प्लॅनिशिंग’ असे अनेक शब्द याच्या आसपास फिरतात, पण प्लॅनिशिंगचा मूळ हेतू ठोके देऊन पत्रा सारखा करणे हा आहे, आणि ‘रिपूसे’ म्हणजे मागच्या बाजूने ठोकून नक्षी उठवणे, जे मठारकाम नव्हे. शोधताना हे सर्व शब्द यादीत अवश्य ठेवावेत, कारण लेखकांनी ते सैलपणे वापरलेले आहेत, परंतु स्वतः लिहिताना त्यांना एकमेकांचे पर्याय समजू नये. पैठणीच्या बाबतीतही असेच घडते. तिचा पदर टॅपेस्ट्री पद्धतीने विणला जातो, म्हणजे नक्षीचे रंगीत आडवे धागे मूळ विणीचाच भाग असतात, तरी जुन्या इंग्रजी लेखनात आणि संग्रहालयांच्या नोंदींत तिला ‘ब्रोकेड’ (मूळ विणीवर जादा धाग्याने नक्षी काढलेले वस्त्र) म्हटलेले आढळू शकते. चुकीचा शब्द वापरलेला लेखही आपल्याला सापडायला हवा, त्यामुळे चुकीचे शब्दही यादीत असावेत.

तांत्रिक शब्द तपासण्यासाठी लॉस एंजेलिस येथील गेटी संस्थेचा ‘आर्ट अँड आर्किटेक्चर थिसॉरस’ हा पारिभाषिक कोश वापरावा. तो इंटरनेटवर विनामूल्य आहे. त्यात प्रत्येक संज्ञेची व्याख्या, समानार्थी रूपे, तिच्या वरची व्यापक संज्ञा आणि तिच्या खालच्या विशिष्ट संज्ञा दिलेल्या असतात. राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते पाहून त्यांवर काम करायचे ठरवले, आणि फक्त ‘नटक्रॅकर’ हा शब्द टाकला, तर युरोपातील अक्रोड फोडण्याची साधने पुढे येतील. सुपारी, पान आणि कातरण्याचे साधन या तिन्ही कल्पनांचे वेगवेगळे इंग्रजी शब्द, शिवाय ‘सरोता’ हे हिंदी नाव, असे एकत्र करूनच खरे लेख सापडतात.

तिसरा रकाना रोमन रूपांचा. येथे कंटाळा करू नये. पुणे हे नाव आजच्या रूपात आणि ‘पूना’ या जुन्या रूपात, अशा दोन्ही प्रकारे लिहावे. मुंबई आणि बॉम्बे यांचे तसेच. वारली हा शब्द ‘डब्ल्यू’ने आणि ‘व्ही’ने सुरू होतो. हिमरूच्या शेवटी कोणी एक ‘यू’ लिहितो तर कोणी दोन ‘ओ’. येवल्याचे नाव ‘व्ही’सह आणि ‘ओ’सह अशा दोन्ही प्रकारे आढळते. तांबटच्या मधल्या अक्षराला कोणी ‘ए’ लावतो, कोणी ‘यू’. औरंगाबादचे नाव आता छत्रपती संभाजीनगर असले तरी बहुतांश जुने लेख पहिल्याच नावाखाली नोंदलेले राहणार.

पडताळणी: यादीत पंधरापेक्षा कमी शब्द असतील तर ती अपुरी आहे.

टप्पा ३ : प्रवेशाची सोय आधी पाहावी

कोणत्या संस्थेमार्फत कोणते डेटाबेस आपल्याला उघडता येतात, हे ग्रंथपालांना प्रत्यक्ष विचारून लिहून घ्यावे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असून तिच्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आहेत. परंतु ती केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था यांच्यासाठी आहे. पुण्यातील डिझाइनचे शिक्षण देणाऱ्या अनेक संस्था खासगी आहेत, आणि तेथील विद्यार्थ्याला आपल्या संस्थेने स्वतंत्रपणे काय घेतले आहे यावरच अवलंबून राहावे लागते. मित्राच्या सरकारी महाविद्यालयात दिसलेला लेख आपल्या महाविद्यालयात दिसत नाही, याचे कारण बहुधा एवढेच असते.

ग्रंथपालांना तीन प्रश्न विचारावेत. घरून लॉगिन करता येते का, आणि येत असेल तर कोणत्या मार्गाने? आपले ग्रंथालय डेलनेटसारख्या ग्रंथालय-जाळ्याचे सभासद आहे का, म्हणजे बाहेरून लेखाची प्रत मागवता येईल? आणि बाहेरील अभ्यासकाला वाचनासाठी तात्पुरते सभासदत्व मिळते का? शेवटचा प्रश्न महाविद्यालयाशी संबंध नसलेल्या अभ्यासकासाठी आहे. त्याने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय, डेक्कन कॉलेज आणि भांडारकर संस्था येथे स्वतः जाऊन चौकशी करावी, आणि जाताना ओळखपत्र व आपल्या अभ्यासविषयाचे चार ओळींचे लेखी टिपण सोबत न्यावे.

सावधान: दुसऱ्याचा पासवर्ड वापरू नये. एकाच खात्यावरून मोठ्या संख्येने लेख उतरवले गेल्यास प्रकाशक संपूर्ण संस्थेचाच प्रवेश थांबवू शकतो.

टप्पा ४ : डेटाबेसची निवड

डेटाबेस ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात लेखांच्या केवळ नोंदी असतात: शीर्षक, लेखक, नियतकालिक, गोषवारा आणि विषयशीर्षके. यांना सूची-डेटाबेस म्हणू. दुसऱ्या प्रकारात लेखांचा पूर्ण मजकूर असतो. विद्यार्थी साहजिकच दुसऱ्याकडे धावतात, परंतु शोधाची सुरुवात पहिल्याकडून व्हावी, असे माझे ठाम मत आहे. कारण सूची-डेटाबेसमध्ये कोणा जाणत्या माणसाने प्रत्येक लेख पाहून त्याला विषय लावलेला असतो.

डिझाइन आणि हस्तकला यांसाठी खास असलेली सूची म्हणजे ‘डिझाइन अँड अप्लाइड आर्ट्स इंडेक्स’. ती प्रोक्वेस्ट या डेटाबेस पुरवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर असते आणि तिच्यातील नोंदी १९७३ पासूनच्या आहेत. एब्स्को या तशाच दुसऱ्या कंपनीच्या ‘आर्ट अँड आर्किटेक्चर सोर्स’मध्ये नोंदींबरोबर बराच पूर्ण मजकूरही मिळतो. त्याच्या मागच्या काळासाठी ‘आर्ट इंडेक्स रेट्रोस्पेक्टिव्ह’ आहे, जी १९२९ ते १९८४ एवढ्या वर्षांची आहे. यांपैकी एकही आपल्या ग्रंथालयात नसेल तर जेस्टोर (नियतकालिकांच्या जुन्या अंकांचा पूर्ण मजकूर देणारा डेटाबेस) आणि गुगल स्कॉलर यांवर काम भागवावे लागते, आणि ते भागते, पण मग टप्पा २ मधील यादी अधिकच काळजीपूर्वक केलेली असावी.

हे झाले ठरलेले डेटाबेस. आता सातव्या ओळीकडे परत जावे. प्रश्न तंत्राचा असेल तर केवळ कलेच्या डेटाबेसवर थांबणे ही घोडचूक ठरते. सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, हिच्या संस्थेतर्फे प्रसिद्ध होणारी ‘इंडियन जर्नल ऑफ ट्रॅडिशनल नॉलेज’ आणि ‘इंडियन जर्नल ऑफ फायबर अँड टेक्स्टाइल रिसर्च’ ही नियतकालिके विनामूल्य खुली आहेत, आणि पारंपरिक रंग, धागे, प्रक्रिया यांवरचे भारतीय संशोधन तेथे सापडते. भौगोलिक निर्देशांकाचा, म्हणजे ठरावीक ठिकाणच्या खास वस्तूच्या नावाला मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणाचा, प्रश्न असेल तर बौद्धिक संपदेची नियतकालिके पाहावी लागतात. व्यवसायाच्या अर्थकारणाचा प्रश्न असेल तर ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक जेस्टोरवर आहेत. तांब्याच्या भांड्यांतील पाण्यावरचे लेख तर सार्वजनिक आरोग्य आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या नियतकालिकांत छापलेले आहेत, आणि तांबट आळीतल्या हंड्याला आज ग्राहक का मिळतो हे समजण्यासाठी तेही उपयोगी पडतात. प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हे भांडार आहे. तेथे गृहविज्ञान विद्याशाखेतील वस्त्रविषयक प्रबंध आणि त्यांच्या लांबलचक संदर्भसूची मिळतात, आणि अनेकदा प्रबंधापेक्षा त्या सूचीच अधिक कामाच्या असतात.

पडताळणी: डेटाबेसच्या ‘अबाउट’ पानावर जाऊन कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतच्या नोंदी आहेत हे पाहावे आणि वहीत लिहावे. लंडनहून १८८४ ते १९१७ या काळात निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ इंडियन आर्ट’मधील लेख १९२९ पासून सुरू होणाऱ्या सूचीत असणे शक्यच नाही. जेस्टोरवर याच्या उलट अडचण येते: तेथे अनेक नियतकालिकांचे अगदी अलीकडचे, साधारण तीन ते पाच वर्षांचे अंक नसतात.

टप्पा ५ : पहिला शोध

साधा सर्च बॉक्स बाजूला ठेवून ‘अ‍ॅडव्हान्स्ड सर्च’ उघडावा. तेथे एकाखाली एक अशा ओळी असतात. नियम असा: एका घटकाचे सर्व पर्यायी शब्द एकाच ओळीत ‘ऑर’ने जोडावेत, आणि दोन वेगळ्या घटकांच्या ओळी ‘अँड’ने जोडाव्यात. पहिल्या ओळीत तांबट, कॉपरस्मिथ, कॉपरवेअर, ब्रासवेअर हे ‘ऑर’ने, दुसऱ्या ओळीत पूना, पुणे, महाराष्ट्र, डेक्कन हे ‘ऑर’ने, आणि दोन ओळींमध्ये ‘अँड’. सर्व काही एकाच ओळीत लिहायचे असल्यास ‘ऑर’चा प्रत्येक गट कंसात ठेवावा, अन्यथा संगणक शब्दांची जोडणी भलतीच करतो. ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ हे शब्द मोठ्या लिपीतील रोमन अक्षरांत लिहिण्याची सवय ठेवावी, कारण काही ठिकाणी ते बंधनकारक असते.

सुरुवातीला दोनच ओळी घ्याव्यात. तीन-चार घटक एकदम ‘अँड’ने जोडले की निकाल शून्यावर येतो, आणि शून्य पाहून माणूस निराश होऊन उठतो.

शब्दांच्या शेवटांची सर्व रूपे मिळावीत म्हणून मूळ अक्षरांनंतर तारांकन चिन्ह देतात. ते कोठे द्यायचे याचा विचार करावा. विणण्याच्या इंग्रजी क्रियापदातील शेवटचा ‘ई’ ठेवून तारांकन दिले तर ‘वीव्हिंग’ हे रूप निसटते. तो ‘ई’ काढून दिले तर वीव्ह, वीव्हर, वीव्हिंग सर्व येतात. याउलट मडक्यांसाठी ‘पॉट’ या तीन अक्षरांनंतर तारांकन दिले तर पोटॅशियम आणि पोटॅटोसुद्धा येतील. एकाहून अधिक शब्दांचा वाक्प्रयोग जसाच्या तसा हवा असेल तेव्हा तो दुहेरी अवतरणचिन्हांत द्यावा.

येथे तीन सापळे विशेष सांगण्याजोगे आहेत.

पहिला, ‘डिझाइन’ हा शब्द. जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात ‘रिसर्च डिझाइन’ असते, त्यामुळे पूर्ण मजकुरात हा शब्द शोधणे निरुपयोगी आहे. तो केवळ शीर्षक किंवा विषय या क्षेत्रांपुरता मर्यादित करावा, किंवा वगळून त्याऐवजी वस्तूचे नाव द्यावे.

दुसरा, ‘कॉपरस्मिथ’. मराठीत तांबट हा कारागीर आहे तसा पक्षीही आहे, आणि इंग्रजीतही त्या पक्ष्याचे नाव ‘कॉपरस्मिथ बार्बेट’ असेच आहे. पक्षिशास्त्राचे लेख येऊ लागले तर ‘नॉट बार्बेट’ अशी एक ओळ जोडावी. पण ‘नॉट’ हे धारदार हत्यार आहे. ज्या लेखात तो शब्द एकदाही आला असेल तो लेख कायमचा अदृश्य होतो. ‘नॉट’ने आरोग्य, जीवाणू, पाणी असे व्यापक शब्द कधीही काढू नयेत.

तिसरा सापळा खास पुणेकरांसाठीच आहे. जेस्टोरसारख्या ठिकाणी पूर्ण मजकुरात ‘पूना’ शोधले की भारतविद्येवरील असंख्य लेख येतात, ज्यांचा पुण्याशी काडीचाही संबंध नसतो. कारण भांडारकर संस्था आणि डेक्कन कॉलेज यांची प्रकाशने जगभरच्या विद्वानांनी तळटीपांत उद्धृत केली आहेत, आणि प्रकाशनस्थळ म्हणून प्रत्येक तळटिपेत पूना छापलेले आहे. यावर उपाय म्हणजे दोन शब्द एकमेकांच्या जवळ असावेत अशी अट घालणे. एब्स्कोत दोन शब्दांमध्ये ‘एन’ हे रोमन अक्षर आणि त्याला जोडून आकडा देतात, प्रोक्वेस्टमध्ये ‘निअर’, तिरकी रेघ आणि आकडा, तर जेस्टोरमध्ये दोन्ही शब्द अवतरणांत ठेवून नंतर नागमोडी चिन्ह आणि आकडा देतात. पूना आणि कॉपर हे दहा-पंधरा शब्दांच्या आत असावेत अशी अट घातली की तळटीपांची गर्दी बरीचशी नाहीशी होते.

पडताळणी: पहिल्या वीस निकालांची शीर्षके वाचावीत. त्यांतील निम्मी विषयाशी संबंधित नसतील तर पुढे न जाता टप्पा २ च्या यादीकडे परतावे.

टप्पा ६ : विषयशीर्षकांवरून दुसरा शोध

पहिल्या शोधातून नेमके आपल्याला हवे होते तसे दोन-तीन लेख निवडावेत. त्यांच्या नोंदी उघडाव्यात, पण लेख लगेच वाचायला घेऊ नये. नोंदीतील ‘सब्जेक्ट’ या मथळ्याखाली कोणते शब्द आहेत ते जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. ही त्या डेटाबेसची स्वतःची परिभाषा असते. आपण ‘कॉपरवेअर’ शोधत होतो आणि त्यांनी तेच लेख ‘धातुकाम’ आणि ‘भारत’ अशा दोन वेगळ्या शीर्षकांखाली ठेवलेले आहेत, असे येथे लक्षात येते. नंतर केवळ ‘सब्जेक्ट’ क्षेत्र निवडून त्या शब्दांवर नवा शोध घ्यावा.

ज्या लेखांच्या शीर्षकात तांबे, पुणे किंवा महाराष्ट्र यांपैकी काहीच नाही असे लेख या शोधातून हाती येतात. पश्चिम भारतातील घरगुती भांड्यांवरचा एखादा सर्वसाधारण लेख असतो आणि त्याची चार पाने पुण्यावर असतात. तो दुसऱ्या कोणत्याही मार्गाने सापडला नसता. जेस्टोरवर मात्र सूची-डेटाबेससारखी हातांनी लावलेली काटेकोर विषयशीर्षके नाहीत, तेव्हा तेथे शीर्षक आणि गोषवारा या क्षेत्रांपुरता शोध मर्यादित करूनच काम भागवावे.

टप्पा ७ : फिल्टर शेवटी, आणि मोजकेच

पडद्याच्या डाव्या बाजूला असलेल्या दोन खुणा सर्वाधिक नुकसान करतात. ‘फुल टेक्स्ट’वर खूण केली की ज्यांच्या केवळ नोंदी आहेत असे सर्व लेख लपतात, आणि त्यांतील एखादा कपाटातील छापील अंकात आपल्या हाताशी असू शकतो. ‘पीअर रिव्ह्यूड’ (छापण्यापूर्वी इतर तज्ज्ञांनी तपासलेले, म्हणजे समीक्षित) यावर खूण केली की प्रदर्शनांची परीक्षणे, कारागिरांच्या मुलाखती आणि डिझाइनची व्यावसायिक मासिके एकदम नाहीशी होतात. हस्तकलेवरील लेखनाचा फार मोठा भाग याच प्रकारचा आहे. मार्गदर्शकांनी समीक्षित लेखच हवेत असे सांगितले असेल, तरी आधी सर्व निकाल पाहावेत आणि मग ती खूण करावी. वर्षाची मर्यादा मात्र निर्धास्तपणे लावावी, आणि ‘भाषा’ या फिल्टरला हात लावू नये.

टप्पा ८ : तळटीपांचा माग काढावा

निवडलेल्या प्रत्येक चांगल्या लेखाच्या तळटीपा वाचाव्यात आणि दोनदा आढळलेला संदर्भ वहीत नोंदवावा. त्यानंतर उलट दिशेने जावे: तो लेख नंतर कोणी उद्धृत केला आहे हे गुगल स्कॉलरवरील ‘साइटेड बाय’ या दुव्यावरून पाहावे.

तळटीपांतून काही अशी नावे येतील जी लेखांच्या डेटाबेसमध्ये कधीच मिळणार नाहीत, कारण ते लेख नव्हेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्यावरील अठरावा खंड १८८५ साली तीन भागांत निघाला, आणि त्यात तांब्या-पितळेच्या व्यवसायाची माहिती आहे. १९६१ च्या जनगणनेबरोबर हस्तव्यवसायांची स्वतंत्र सर्वेक्षणे झाली. हे सरकारी अहवाल ग्रंथालयाच्या पुस्तक-तालिकेत किंवा इंटरनेट अर्काइव्हवर शोधावेत. मराठी लेखनाचीही गोष्ट तीच आहे. परदेशी डेटाबेसमध्ये मराठी नियतकालिकांचा समावेश नगण्य आहे. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची १८०० ते १९५० या काळातील पुस्तकांसाठी उत्तम आहे, पण ती लेखांची सूची नव्हे. भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, तसेच पुणे नगर वाचन मंदिर आणि पुणे मराठी ग्रंथालय येथील जुन्या मासिकांचे अंक प्रत्यक्ष बसून चाळण्याला पर्याय नाही. त्यासाठी वेगळे दिवस राखून ठेवावेत, डेटाबेसच्या कामात ते मिसळू नयेत.

सावधान: संभाषण करणाऱ्या एआय साधनांनी दिलेली संदर्भसूची तपासल्याशिवाय वापरू नये. खऱ्या नियतकालिकाचे नाव आणि न लिहिलेला लेख अशी जोडी त्यांच्याकडून सहज तयार होते. प्रत्येक संदर्भ डीओआयने, म्हणजे लेखाला दिलेल्या कायमच्या ओळखक्रमांकाने, किंवा नियतकालिकाच्या अनुक्रमणिकेत प्रत्यक्ष पाहूनच स्वीकारावा.

टप्पा ९ : पूर्ण लेख मिळवावा

नोंद मिळाली पण लेख उघडत नाही, अशा वेळी हा क्रम ठेवावा. प्रथम नियतकालिकाचे नाव ग्रंथालयाच्या ई-नियतकालिकांच्या यादीत पाहावे, कारण तोच लेख दुसऱ्या डेटाबेसमध्ये खुला असू शकतो. मग छापील अंकांची तालिका पाहावी. मुंबईहून १९४६ पासून निघणाऱ्या ‘मार्ग’सारख्या नियतकालिकाचे जुने अंक कलाशिक्षण देणाऱ्या संस्थांच्या कपाटांत असू शकतात आणि पडद्यावर शोधण्यात वेळ जातो. नंतर लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या भांडारात प्रत ठेवली आहे का ते पाहावे. त्यानंतर ग्रंथपालांमार्फत आंतरग्रंथालयीन सेवेने प्रत मागवावी आणि मागणीपत्रात खंड, अंक, वर्ष व पृष्ठक्रमांक पूर्ण द्यावेत. एवढे करूनही लेख न मिळाल्यास लेखकाला विनम्र ईमेल लिहावी. अनेक लेखक आपला लेख आनंदाने पाठवतात.

हस्तकलेच्या लेखांत चित्रे हा पुराव्याचाच भाग असतो. जुन्या अंकांच्या स्कॅनमध्ये रंगीत चित्रे काळी-पांढरी झालेली किंवा मधली चित्रपृष्ठे गाळलेली आढळतात. मजकुरात उल्लेखलेल्या चित्रांचे क्रमांक मोजून पाहावेत, आणि पैठणीच्या रंगांविषयी किंवा तांब्याच्या झळाळीविषयी कोणतेही विधान अशा स्कॅनवरून करू नये.

टप्पा १० : नोंदी ठेवाव्यात

ब्राउझरच्या पट्टीतील पत्ता उतरवून ठेवणे ही नित्याची चूक आहे. लॉगिन संपले की तो पत्ता निकामी होतो. नोंदीत ‘परमलिंक’ (कायम टिकणारा पत्ता) किंवा डीओआय असतो, तोच घ्यावा. संदर्भ झोटेरोसारख्या विनामूल्य साधनात साठवावेत, पण साठवल्यावर लगेच तपासावेत: मराठी नावांत आडनाव आणि मधले नाव यांची अदलाबदल वारंवार होते.

लेखांइतकीच शोधांचीही नोंद ठेवावी. तारीख, डेटाबेस, वापरलेले शब्द जसेच्या तसे, लावलेले फिल्टर आणि निकालांची संख्या असे पाच रकाने पुरेसे आहेत. ज्या शोधात काही मिळाले नाही तोही लिहावा. नंतर प्रबंधात ‘अमुक डेटाबेसमध्ये, अमुक शब्दांनी, अमुक तारखेपर्यंत शोध घेतला असता मठारकामावर स्वतंत्र लेख आढळला नाही’ असे लिहिता येते, आणि परीक्षकाला ते विधान तपासून पाहता येते.

शोध केव्हा थांबवावा, तर नवे शब्द टाकूनही तेच लेख पुन्हा पुन्हा येऊ लागतात आणि त्यांच्या तळटीपांत अनोळखी नाव दिसेनासे होते तेव्हा. त्या वेळी सातव्या ओळीतील प्रश्नाचा जो भाग अनुत्तरित राहिला असेल, तो प्रश्नावलीच्या रूपात लिहून घ्यावा आणि ती प्रश्नावली घेऊन कसबा पेठेत कारागिरांकडे जावे.